फाटकापासून बाकापर्यंत

चंडीगडच्या उत्तर टोकाला, सेक्टर १ मध्ये, कॅपिटल कॉम्प्लेक्स उभे आहे. उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानभवन या ल कॉर्बुझिएने रचलेल्या तीन काँक्रीटच्या वास्तूंमधून पंजाब आणि हरियाणाचा कारभार चालतो. २०१६ साली युनेस्कोने या संकुलाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाहायला येणारे लोक या वास्तू आणि उघड्या हाताचे ते उंच शिल्प पाहून परततात. शाळेचा विचार करणाऱ्याने मात्र इथून वळून खालच्या शहराकडे पाहावे. सुमारे बाराशे मीटर लांब आणि आठशे मीटर रुंद असा एकेक सेक्टर, त्यातून जाणारा हिरवा पट्टा, त्या पट्ट्यात पायवाटा आणि शाळा. लहान मुलाला भरधाव वाहनांचा रस्ता न ओलांडता चालत शाळेत जाता यावे, हे या आराखड्यात १९५० च्या दशकातच गृहीत धरलेले होते. मुलाच्या शाळेच्या वाटेचा इतका आधी आणि इतका बारकाईने विचार आपल्याकडच्या फार थोड्या शहरांनी केला असेल. आणि तरीही याच शहरातल्या मुलांच्या पाहण्या वेगळेच काही सांगतात. पीजीआय या इथल्या वैद्यकीय संस्थेतल्या सविता मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ ते ११ वर्षे वयाच्या ९६३ शाळकरी मुलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला, त्यात ६.३३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. २००९ साली प्रीती अरुण आणि बी. एस. चव्हाण यांनी सातवी ते बारावीच्या २४०२ विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. त्यातल्या जवळपास ४६ टक्के मुलांना मानसिक त्रास जाणवत होता आणि निम्म्या मुलांना ‘विद्यार्थी’ म्हणून वावरतानाच अडचणी येत होत्या. शाळा घराजवळ आणता येते. फाटकापासून वर्गातल्या बाकापर्यंतचे जे अंतर काही मुलांना पार करता येत नाही, ते नगररचनाकाराच्या हातात नसते. ते पालकांच्या आणि शिक्षकांच्या हातात असते. घाबरलेल्या मुलाने ते अंतर एकट्याने, एका दमात आणि मनाच्या जोरावर कापावे ही अपेक्षाच चुकीची आहे. मोठ्यांनी त्याचे लहान टप्पे पाडून द्यायचे असतात आणि ते काम पहिल्या आठवड्यातच सुरू करायचे असते, एवढे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी ही मुले ओळखायची कशी ते पाहू. रविवारी संध्याकाळपासून चेहरा उतरतो. रात्री झोप लागत नाही. सकाळी पोटात दुखते, मळमळते, डोके धरते, कधी खरोखर उलटी होते. साडेदहा वाजले, आज शाळा नाही हे नक्की झाले, की दुखणे ओसरते. घरातले मोठे याला नाटक म्हणतात ते या शेवटच्या गोष्टीमुळे. पण भीतीने पोटात खरीच कळ येते. धोका वाटला की शरीर पचनाचे काम मागे टाकते, छातीचे ठोके वाढवते, आणि धोका टळला की पूर्ववत होते. दुखणे थांबले म्हणून ते खोटे ठरत नाही. शाळेला दांडी मारणाऱ्या मुलापेक्षा हे मूल वेगळे असते. दांडी मारणारा घरी न सांगता बाहेर भटकतो, त्याला शाळेचा कंटाळा असतो. हे मूल घरातच असते, आईवडिलांना ठाऊक असते, पुष्कळदा अभ्यासात चांगले असते आणि शाळेत जाता येत नाही याची त्याला स्वतःलाच लाज वाटत असते. हा फरक अमेरिकेतल्या ब्रॉडविन या अभ्यासकाने १९३२ सालीच नोंदवला होता. पुढे क्रिस्टोफर कर्नी यांनी मुले शाळा का टाळतात याची चार कारणे मांडली: शाळेतल्या एखाद्या गोष्टीने होणारी घालमेल टाळणे, चारचौघांत बोलण्याची किंवा पारखले जाण्याची वेळ टाळणे, आईवडिलांचे जवळपण मिळवणे, आणि घरी मिळणारी मौज. एकाच मुलात यांतली दोन-तीन कारणे गुंतलेली असतात. वर्गातून एखाद-दुसरेच मूल असे निघते, पण प्रत्येक शाळेत निघते. शाळकरी मुलांपैकी १ ते ५ टक्के असा अंदाज अभ्यासक देत आले आहेत. सरकारी हिशेबात ही मुले दिसत नाहीत. पटावर नाव असते, म्हणून ती शाळाबाह्य ठरत नाहीत. अर्जावर ‘ताप’ किंवा ‘पोटदुखी’ लिहिलेले असते, म्हणून शाळेलाही काही वावगे वाटत नाही.

कारण शोधण्याआधी एक पायरी चुकवू नका: बालरोगतज्ज्ञांकडून एकदा नीट तपासणी. थायरॉइड, रक्तक्षय, दृष्टिदोष, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, मुलींमध्ये पाळीचा त्रास, हे सगळे शाळा टाळण्यामागे असू शकते. तपासणी एकदाच आणि पुरती करा; मग तपासण्यांचा फेरा थांबवा, कारण दर आठवड्याची नवी रक्तचाचणी मुलाला एवढेच शिकवते की आपल्या शरीरात काहीतरी मोठे बिघडले आहे. त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारायचा: मुलाला वाटणारा धोका खरा तर नाही? ८ जुलै २०२२ रोजी चंडीगडच्या सेक्टर ९ मधील एका शाळेत सुमारे अडीचशे वर्षांचे पिंपळाचे झाड कोसळले, एक विद्यार्थिनी दगावली आणि अनेक मुली जखमी झाल्या. अशा घटनेनंतर एखादे मूल झाडाखालून जायला घाबरले, तर त्याची भीती घालवण्याआधी झाडे तपासावी लागतात. बहुतेक शाळांत धोका इतका उघड नसतो. बसमधला मोठा मुलगा, स्वच्छतागृहाजवळची टोळी, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरची चेष्टा, फळ्याजवळ उभे करून अपमान करणारे शिक्षक, किंवा याहून भयंकर असे लैंगिक शोषण. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते, आणि शोषणाच्या बाबतीत पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे मोठ्यांवर बंधनकारकच आहे; मदतीसाठी १०९८ हा बालसाह्य क्रमांकही आहे. जिथे धोका खरा आहे तिथे मुलाला धीट करणे हा उपाय नव्हे. तिथे शाळा बदलली पाहिजे, निदान शाळेचे वागणे तरी. मुलाला ‘तुला कशाची भीती वाटते’ असे थेट विचारले तर बहुधा ‘माहीत नाही’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा दिवस तासातासाने विचारा: बस, परिपाठ, पहिला तास, मधली सुट्टी, डबा, स्वच्छतागृह, पीटी, परतीची बस. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. अडलेले नेमके ठिकाण अशाने पुष्कळदा सापडते, आणि ते मोठ्यांनी गृहीत धरलेल्या ठिकाणाहून वेगळे असते. गणिताची भीती म्हणून शिकवणी लावली जाते आणि मूल खरे तर डबा एकट्याने खावा लागतो म्हणून खचलेले असते. वाचन-लेखनाची अक्षमता किंवा स्वमग्नता ओळखली गेलेली नसेल तर तीही याच वेळी पाहून घ्यावी. कानठळ्या बसवणारा परिपाठ किंवा मोठ्याने वाचून दाखवण्याची सक्ती अशा मुलांना रोजची शिक्षा असते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना सवलती मागण्याचा हक्क दिला आहे.

यानंतर घरात हमखास वाद होतो. आजी म्हणते, ‘राहू दे दोन दिवस घरी, शांत झाला की जाईल.’ यात माया आहे, आणि एक-दोन दिवसांपुरते ते खरेही असेल. पण चिंतेचा स्वभाव असा, की ज्या गोष्टीपासून पळावे ती मोठी होत जाते. घरी थांबताच मुलाला जो सुटकेचा श्वास मिळतो, तोच उद्याच्या नकाराला बळ देतो. शिवाय रोज काहीतरी साचते: राहिलेला अभ्यास, मित्रांच्या नव्या जोड्या, ‘कुठे होतास?’ या प्रश्नाचे ओझे. पहिल्या आठवड्यात जी भीती एका तासाची होती ती दुसऱ्या महिन्यात साऱ्या शाळेची होते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल किंग आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ३४ मुलांवर केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. निम्म्या मुलांना लगेच चार आठवडे उपचार दिले: भीतीला सामोरे जाण्याचा टप्प्याटप्प्याचा सराव, आणि त्यासोबत पालकांना व शिक्षकांना मार्गदर्शन. उरलेल्यांना थांबायला सांगितले. उपचार मिळालेल्या १७ पैकी १५ मुलांची हजेरी ९० टक्क्यांपर्यंत पोहोचली; थांबलेल्या १७ पैकी ५ मुलांची. नुसती वाट पाहून सुधारणारी मुले असतात, पण ती थोडी. त्याच वर्षी अमेरिकेत सिंथिया लास्ट आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला तितकीच मोलाची वाटते. भीतीला सामोरे जाण्याच्या शास्त्रशुद्ध सरावाची तुलना त्यांनी माहिती देणे, ऐकून घेणे, धीर देणे अशा साध्या आधाराशी केली, आणि दोन्ही गटांतली मुले सारखीच सुधारली. याचा अर्थ मी असा घेतो: तज्ज्ञाची भेट मिळायला तीन महिने लागणार असतील तर तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. जाणते, सातत्याचे, शांत माणूस मुलाच्या पाठीशी असणे हाही उपचाराचा मोठा भाग आहे.

वादाची दुसरी बाजू वडिलांची किंवा काकांची असते. ‘हात धरून वर्गात नेऊन सोडा, दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी बसेल.’ बालवाडीत पहिल्यांदा जाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे पुष्कळदा खरे ठरते, आणि अगदी ताज्या, आठवडाभराच्या भीतीत शाळेत लवकर परतवणे उपयोगी पडते असे जुने अनुभवही आहेत. पण सहावीतल्या, महिनाभर घरी असलेल्या मुलीला सगळ्या वर्गासमोर ओढत नेले, तर ती भीतीच्या जोडीला अपमान घेऊन परत येते, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची कडी आतून लावते. त्या दिवसापासून तिच्या नजरेत आईवडीलही शाळेच्याच बाजूचे होतात. म्हणून या दोन टोकांच्या मध्ये टप्पे हवेत, आणि ते मुलासोबत बसून कागदावर लिहिलेले हवेत. उदाहरणार्थ, पहिले दोन दिवस गणवेश घालून, दप्तर घेऊन शाळेच्या वेळेला फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसायचे आणि वर्गशिक्षिकेला भेटायचे. मग ग्रंथालयात किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी एक तास. मग सर्वांत सोपा वाटणारा एक तास वर्गात. तो मधल्या सुट्टीला लागून नसावा. मग दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. प्रत्येक पायरी इतकीच अवघड हवी की भीती वाटेल पण निभावेल. पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचे आणि शक्यतो शांत झाल्यावरच तिथून निघायचे. रडण्याच्या ऐन भरात घरी आणले तर पळून जाण्याचाच सराव होतो. एखाद्या दिवशी पायरी जमली नाही तर खालची घ्या, पण शून्यावर जाऊ नका. फाटकापर्यंत तरी जाऊन याच. आणि टप्प्यांना तारखा असू द्या. महिनोन्‌महिने ग्रंथालयात बसणारे मूल शाळेत परतलेले नसते, त्याला घराऐवजी लपायला दुसरी जागा मिळालेली असते.

या सगळ्याची कसोटी सकाळी सहा ते आठ या दोन तासांत लागते. सकाळी चर्चा करू नका. जायचे की नाही, हा प्रश्न रात्रीच, तोही शांतपणे, मिटलेला असावा. सकाळी फक्त ठरलेली कामे, ठरलेल्या क्रमाने. ‘आज जाशील ना रे? जाशील ना?’ असे विचारत राहिले की जाणे ऐच्छिक आहे असा अर्थ निघतो, आणि आपली काळजी मुलाच्या काळजीत भर घालते. त्याऐवजी थोडके बोला: ‘पोटात दुखतंय, कळतंय मला. भीती वाटतेय. आपण आज ग्रंथालयापर्यंत जाणार आहोत, बाई दाराशी असतील.’ भीती मान्य करायची, योजना बदलायची नाही. ‘घाबरायचं काय त्यात, एवढा मोठा झालास’ हे वाक्य कायमचे सोडून द्या. त्याने भीती जात नाही, फक्त मूल सांगायचे थांबते. शाळेत सोडण्याचे काम घरातल्या त्यातल्या त्यात शांत माणसाने करावे. आईपासून दूर होण्याचीच भीती असेल तर वडील, आजोबा, शेजारचा मित्र यांपैकी कोणी सोडले तर निरोप सोपा जातो. निरोप छोटा ठेवा आणि मागे वळून थांबू नका. मूल घरी राहिलेच तर तो दिवस सुट्टीसारखा जाऊ देऊ नका. शाळेच्या वेळेत टीव्ही नाही, मोबाइल नाही, अंथरुणात लोळणे नाही; वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास, ठरल्या वेळी डबा, बाहेर फिरायला शाळा सुटल्यानंतरच. ही शिक्षा नाही, तशी ती वाटूही देऊ नका. रागाने नव्हे, नेहमीच्या सुरात करा. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना हे सारे कसे जमायचे, ही तक्रार खरी आहे. तीन-चार आठवडे दोघांना आळीपाळीने उशिरा जाण्याची परवानगी काढावी लागेल. हे महाग आहे. पण सहा महिन्यांनी हेच काम बिनपगारी रजेवर करावे लागते, आणि तोवर मुलाची भीती कितीतरी पट झालेली असते.

चंडीगडसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी इथे थोडे वेगळे सांगायला हवे. जवळच चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे. लष्कर, हवाई दल, केंद्रीय कार्यालये आणि बँका यांच्या बदल्यांमुळे नागपूर-नाशिकहून कुटुंबे इकडे येतात आणि दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे जातात. शाळा बदलणे हा चिंता उफाळून येण्याचा एक ओळखीचा प्रसंग आहे. दुसरे प्रसंग म्हणजे मोठी सुट्टी, आजारपण, घरातला मृत्यू आणि प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाणे. बदलीच्या मुलाला शिक्षकांची हिंदी समजते, पण मधल्या सुट्टीतली पंजाबीमिश्रित बोली समजत नाही. वर्ग हसतो तेव्हा का हसतो ते कळत नाही, आणि त्याच्या हिंदीतले मराठी वळण इतरांच्या चेष्टेचा विषय होते. हे मूल प्रगतिपुस्तकात मागे नसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी शाळा सुरू होण्याआधी एकदा रिकाम्या इमारतीतून फिरवून आणा, वर्गशिक्षकांना आधीच भेटा आणि वसाहतीतल्या त्याच शाळेच्या एका मुलाशी गाठ घालून द्या. एक मित्र पुरतो. जुन्या शाळेतल्या मित्रांशी बोलणे तोडू नका, पण त्याला ठरावीक वेळ ठेवा, कारण संध्याकाळभर पुण्याच्या मित्रांशी खेळणारे मूल इथल्या मैदानावर उतरत नाही. शक्य असेल तर बदली वर्षाच्या मध्यात न घेता एप्रिलमध्ये मागा. वरिष्ठांकडे मुलाच्या तब्येतीचे हे कारण सांगायला संकोचू नका.

शाळेकडून येणारे आक्षेपही ऐकून घ्यायला हवेत, कारण ते सगळेच आडमुठेपणाचे नसतात. ‘एकाला सवलत दिली तर उद्या सगळे मागतील’ हा पहिला. हात मोडलेल्या मुलाला लेखनिक दिला म्हणून वर्गातली बाकीची मुले लेखनिक मागत नाहीत; गरज दिसते तेव्हा मुलांना न्याय चांगला कळतो. इथे गरज दिसत नाही एवढीच अडचण आहे, आणि ती शिक्षकाने वर्गाला चार शब्दांत समजावली तर दूर होते: ‘तो आजारी होता, आता हळूहळू येणार आहे, प्रश्न विचारून भंडावू नका.’ दुसरा आक्षेप वजनदार आहे. पन्नास मुलांच्या वर्गात, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे सांभाळत, शिक्षिकेने एका मुलासाठी एवढे करायचे कधी? उत्तर असे की सगळे तिने करायचे नाही. शाळेत एकच माणूस नेमा, तो ग्रंथपाल असेल, कलाशिक्षक असेल, कार्यालयातल्या मावशीही असतील. मूल आले की दाराशी उभे राहणे, घालमेल वाढली की दहा मिनिटे बसायला जागा देणे आणि पुन्हा वर्गात पाठवणे, आठवड्यातून एकदा घरी फोन करणे, एवढे त्याचे काम. वर्गशिक्षिकेकडून तीनच गोष्टी मागा: अचानक उभे करून उत्तर विचारायचे नाही, गैरहजेरीवर वर्गासमोर बोलायचे नाही, बुडालेला सगळा अभ्यास एकदम पुरा करायला लावायचा नाही. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी तशी जोडणी करायची आहे. म्हणून ‘आमच्याकडे समुपदेशक नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिसरा आक्षेप हजेरीचा. सीबीएसई आणि महाराष्ट्र राज्य मंडळ दोघांचीही ७५ टक्क्यांची अट आहे. वैद्यकीय कारणासाठी तिच्यात सवलत मिळते, पण कागदपत्रे वेळेत असतील तरच. त्यामुळे नववीपासून पुढच्या मुलांच्या पालकांनी पहिल्या पंधरवड्यातच डॉक्टरांचे पत्र शाळेत द्यावे. अर्ध्या दिवसाची उपस्थिती कशी नोंदवली जाते हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप शाळेचा नसून समाजाचा आहे: ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आताची पोरं नाजूक झालीत.’ ब्रॉडविनची नोंद १९३२ ची आहे, तेव्हा असले काही नव्हते हे खरे नाही. आपल्याकडे अशी मुले शाळा सोडत. शेतावर, दुकानात, मुली चुलीपाशी जात, आणि ‘त्याला शिक्षणाची गोडी नव्हती’ असे म्हणून विषय संपे. आता प्रत्येक मूल शाळेत असावे असे आपण कायद्याने ठरवले आहे, तेव्हा ज्यांना शाळा झेपत नाही ती मुले दिसणारच. नाजूकपणाच्या आरोपाला दुसरेही उत्तर आहे. एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या सुमारे ३.७९ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे सांगितली. इतक्या मुलांना एकाच गोष्टीची चिंता वाटत असेल तर दोष केवळ मुलांच्या मनात शोधता येत नाही. शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानमध्ये २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांतली ३,४६,४८२ मुले ३० किंवा अधिक दिवस शाळेपासून दूर राहिली होती. कडक शिस्तीने हा प्रश्न सुटत असता तर तो तिथे उरलाच नसता. तरीही या आक्षेपात एक दाणा सत्याचा आहे आणि तो नाकारू नये: मुलाच्या वाटेतली प्रत्येक अडचण आईवडिलांनी दूर केली, त्याच्या जागी बोलले, त्याच्या जागी माफी मागितली, तर त्याला स्वतःच्या बळाचा अनुभव येत नाही. टप्प्यांची योजना लाडापेक्षा वेगळी आहे ती इथे. तिच्यात मूल रोज थोडी भीती सोसते.

टप्पे चार-सहा आठवडे नीट पाळूनही मूल पुढे सरकत नसेल, किंवा त्याआधीही झोप-जेवण तुटले असेल, आवडत्या गोष्टींतले लक्ष उडाले असेल, ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा येत असेल, तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. अरुण-चव्हाण यांच्या चंडीगडच्या त्याच पाहणीत ६ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात येत असल्याचे सांगितले होते, म्हणून असे बोलणे धमकी समजून सोडून देऊ नये. शाळा टाळण्यामागे चिंतेबरोबर नैराश्यही असू शकते, विशेषतः आठवी-नववीनंतर. चंडीगडमध्ये कॅपिटल कॉम्प्लेक्सपासून जवळच सेक्टर १२ मधल्या पीजीआयमध्ये आणि सेक्टर ३२ च्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालये इथे विचारणा करावी. औषधे दिली तर घाबरू नका, आणि स्वतःहून बंद करू नका. काही पालक या टप्प्यावर शाळाच सोडवून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे किंवा घरच्या शिक्षणाकडे वळतात. काही मुलांसाठी, विशेषतः जिथे शाळेने छळ थांबवलाच नाही, तो योग्य निर्णय असतो. मात्र तो भीतीच्या ऐन भरात घेऊ नये. मुलाला बाहेरच्या चार माणसांत मिसळायला दुसरी कोणती जागा आहे, याचे उत्तर हाती असेल तेव्हाच घ्यावा. परतलेल्या मुलाच्या बाबतीतही दिवाळीच्या सुट्टीनंतरचा सोमवार, तापातून उठल्यानंतरचा पहिला दिवस आणि सहामाहीचा आठवडा आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. त्या दिवशी पाऊल मागे पडले तर सारे वाया गेले असे नाही. जुना कागद काढा आणि दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरू करा.

तुमच्या घरी असे मूल असेल तर उद्या सकाळची वाट न पाहता आज संध्याकाळीच वर्गशिक्षकांना फोन करा आणि भेटीची वेळ घ्या. शाळेकडून किंवा तज्ज्ञांकडून वेळ मिळेपर्यंत कोणाशी तरी बोलायचे असेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.